दुधाचा भागाकार

माझं नाव त्या पेपरात होतं. शेवटच्या पानावर, आभारांच्या परिच्छेदात. 'माहिती भरण्यास साहाय्य केल्याबद्दल' असं म्हणून प्रयोगशाळेच्या जीपचा ड्रायव्हर आणि मी, अशी दोघांची नावं एका ओळीत दिली होती. ड्रायव्हरबद्दल माझी काही तक्रार नाही. भला माणूस होता, घाटात मला उलटी झाली की गाडी थांबवून पाणी द्यायचा. पण त्याने जीप चालवली होती हे खरं होतं आणि मी माहिती भरली हे खरं नव्हतं. त्या पेपरातलं गणित माझं होतं. पहिल्या समीकरणापासून शेवटच्या आलेखापर्यंत.

तो पेपर मी पहिल्यांदा वाचला जळगावात, एका हॉस्पिटलच्या फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर बाकावर बसून. आत माझे वडील, म्हणजे आबा, उजव्या हाताने रबरी चेंडू दाबायला शिकत होते. मी मोबाईलवर वर-खाली करत लेखकांची नावं पाहिली. पहिलं सरांचं. त्यांच्यामागे तिघांची, त्यातल्या दोघांना मी ओळखतही नव्हते. पुन्हा पाहिलं. मग शेवटच्या पानावर गेले आणि ड्रायव्हरशेजारी मी सापडले.

आतून थेरपिस्ट म्हणत होता, "दाबा आबा, अजून जोरात, राग काढा त्याच्यावर."

मी रडले नाही. आणि पुढच्या पाच-दहा मिनिटांत, आबा चेंडू दाबत असताना, मी ठरवलं की या माणसाला मी सोडणार नाही.

मी वाढले दीपनगरला, औष्णिक वीज केंद्राच्या कॉलनीत. समुद्र पाहिला तो कॉलेजच्या सहलीत. आबा मूळचे शिंदखेडा तालुक्यातले, नरडाण्याजवळच्या एका गावचे. शेती तीन भावांत वाटली गेली तेव्हा ते बॉयलर विभागात नोकरीला लागले आणि आयुष्यभर कंट्रोल रूममध्ये काट्यांकडे बघत बसले. घरी अहिराणी, कामावर शुद्ध मराठी, अशा त्यांच्या दोन भाषा होत्या. मी प्राणिशास्त्र घेतलं, मग पीएच.डी. केली, आणि मग किनाऱ्यावरच्या एका संस्थेत पोस्टडॉक म्हणून लागले. नातेवाईक विचारायचे, म्हणजे नक्की काय? नोकरी की शिक्षण? मला सांगता यायचं नाही. दोन्हींतलं जे वाईट ते, असं मी आता सांगते.

माझं काम किनाऱ्यालगत राहणाऱ्या डॉल्फिनवर होतं. एका डॉल्फिनला दिवसाला किती अन्न लागतं? नुसतं जिवंत राहायला किती, पोहायला किती, अंग गरम ठेवायला किती, पोटात पिल्लू असेल तर किती, पिल्लाला पाजायला किती? हे सगळं जुळवून मी एक मॉडेल लिहिलं होतं. त्याचा पुढचा भाग असा, की पर्यटकांच्या होड्यांमुळे एखाद्या मादीचे रोजचे शिकारीचे काही तास बुडाले, तर तिच्या अंगावरची चरबी किती उतरेल, तिचं दूध कधी आटेल, पिल्लू जगेल का, आणि अशा किती माद्यांवर तशी वेळ आली तर वीस-तीस वर्षांनी त्या किनाऱ्यावर किती डॉल्फिन उरतील.

हे मी एकदा आबांना समजावून सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "प्लांट बी खास ना पोरी. पहिले सोताले, मंग गावले." वीज केंद्र तयार केलेल्या विजेतली काही वीज स्वतःच खातं, पंप आणि पंखे चालवायला, आणि उरलेली गावाला देतं. मी इतकी वर्षं शिकून जे मांडत होते ते त्यांनी जेवता जेवता सांगून टाकलं.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. सभ्य माणूस. आवाज चढवत नसत. पहिल्या दिवशी स्वतः चहा करून दिला होता. "इथे आपण सगळे एक कुटुंब आहोत," असं ते म्हणाले तेव्हाच सावध व्हायला हवं होतं, पण मला बरं वाटलं होतं. दोन वर्षं मी पहाटेची भरती बघून होडीत बसत होते आणि दुपारी त्या नोंदी मॉडेलमध्ये घालत होते. सर महिन्यातून एकदा होडीत येत, फोटो काढून घेत आणि जात.

होडी एका तांडेलाची होती. पन्नाशीचा, बारीक, कमी बोलणारा. डॉल्फिन कुठे वर येणार हे तो माझ्याआधी सांगायचा. पाठीवरच्या खुणांवरून तो माद्या ओळखायचा, आणि कोणत्या मादीबरोबर पिल्लू आहे ते मला बोटाने दाखवायचा. त्याचंही नाव पेपरात कुठे नव्हतं.

मग आबांना ड्यूटीवर असतानाच झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आई आधीच गेलेली. भाऊ-बहीण मला नाही. मी सरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "लगेच निघ. इथली काळजी करू नकोस. पेपर तुझाच आहे, तिकडे बसून पूर्ण कर."

पेपर तुझाच आहे. हे शब्द मी विसरलेले नाही.

दीपनगरच्या क्वार्टरमध्ये आबांच्या पलंगाशेजारी टेबल ओढून मी काम करू लागले. खिडकीतून धुराडी दिसायची, दोरीवरच्या कपड्यांवर राखेचा बारीक थर बसायचा. आबांची वाचा हळूहळू परत आली, पण निम्मीच. त्यांची ऑफिसातली मराठी कायमची गेली. उरली ती लहानपणची अहिराणी. डॉक्टरांना ते "पाय दुखस" म्हणायचे. मी घरी त्यांच्याशी तसंच बोलू लागले, आणि मॉडेलच्या प्रोग्रॅममध्ये स्वतःसाठी ज्या टिपा लिहायचे, त्या पूर्वी आबांचा फोन आला की कधीतरी अहिराणीत उतरायच्या, आता मला नकळत सगळ्याच तशा उतरू लागल्या.

त्याच दिवसांत मला चूक सापडली. माझी स्वतःची चूक. पिल्लू पाजणाऱ्या मादीला लागणारं अन्न फार कमी येत होतं. कागद-पेन्सिल घेऊन हाताने करून पाहिलं तेव्हा कळलं. आई जे खाते त्या सगळ्याचं दूध होत नाही, थोडं वाया जातं. म्हणून पिल्लाच्या पोटात जेवढी ऊर्जा जायला हवी, तिला त्या अपूर्णांकाने भागायचं, म्हणजे आईने किती जास्त खायचं ते निघतं. मी भागण्याऐवजी गुणलं होतं. अपूर्णांकाने भागलं की आकडा वाढतो, गुणलं की घटतो, हे पाचवीतली मुलंही सांगतील. माझ्या मॉडेलमधल्या आया अर्धपोटी राहून पिल्लं वाढवत होत्या, आणि म्हणून मॉडेल म्हणत होतं की होड्या थोड्या वाढल्या तरी काही बिघडणार नाही.

मी सरांना पत्र लिहायला घेतलं. 'सर, एक गंभीर चूक झाली आहे, जबाबदारी माझी आहे.' ते अर्धं लिहून आबांना जळगावला घेऊन गेले, आणि त्याच दिवशी त्या बाकावर पेपर वाचला. माझी चूक जशीच्या तशी छापली होती. सरांच्या नावावर.

घरी आल्यावर मी ते अर्धं पत्र पुसून टाकलं.

सरळ मार्ग मी चोखाळला नाही असं नाही. संस्थेच्या संचालकांना सविस्तर तक्रार लिहिली. तीन ओळींचं उत्तर आलं, की लेखकांची नावं ठरवणं हा प्रकल्पप्रमुखांचा अधिकार आहे. सरांना फोन केला तर म्हणाले, "अगं, तू मध्येच गेलीस ना. काम दुसऱ्यांना पूर्ण करावं लागलं. पुढच्या पेपरात बघू." त्यांच्या आवाजात इतकी माया होती की फोन ठेवल्यावर मला वाटलं, मीच काहीतरी मागायला गेले होते.

पण तक्रारीत मी चुकीबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. ती मी राखून ठेवली होती.

पेपरासोबत त्यांना मॉडेलचा प्रोग्रॅम जाहीर करावा लागला होता, तसा नियम असतो. मी तो उतरवून घेतला. माझीच फाईल, वरचं माझं नाव तेवढं काढलेलं. आतलं कोणी उघडूनही पाहिलेलं नव्हतं, कारण दुधाच्या त्या ओळीवर माझी टीप तशीच होती, इंग्रजी अक्षरांत, पण अहिराणीत: 'आठे दूधना हिसोब परत देखना शे. आबाना फोन उना.' इथे दुधाचा हिशोब परत बघायचा आहे, आबांचा फोन आला. मी किनाऱ्यावर असताना, आबा धडधाकट असताना कधीतरी लिहिलेली. त्या दिवशी फोनवर बोलत बसले आणि परत बघायचं राहून गेलं होतं.

मी ती ओळ आबांना वाचून दाखवली. ते आधी हसले. मग मी त्यांना सगळं सांगितलं. आबा आयुष्यात कुणाशी भांडले नव्हते. कंट्रोल रूममध्ये दुसऱ्याच्या चुकीचा मेमोसुद्धा त्यांनी एकदा निमूट घेतला होता. मला वाटलं, ते म्हणतील, जाऊ दे.

"बठ्ठं तूच लिखं ना?" सगळं तूच लिहिलंस ना, असं त्यांनी विचारलं.

"हां आबा."

"मंग सोडू नको त्याले."

आबा निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडावं लागलं. आम्ही धुळ्याला आलो, देवपुरात दोन खोल्या घेतल्या, कारण आबांची बहीण तिथे जवळ राहते आणि मी कामावर गेले की त्यांच्याजवळ बसू शकते. मला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवायचं काम मिळालं. बेडकाचं पचन, झुरळाचे पाय. मुलांना मी वाईट शिकवलं नाही. पण मी रोज सरांचा विचार करत होते. ते कुठे भाषण देतात, कोणत्या समितीवर गेले, कोणत्या वर्तमानपत्राने त्यांना 'डॉल्फिनचे मित्र' म्हटलं, हे मला पाठ होतं. पोळ्या लाटताना मी त्यांच्याशी भांडायचे. माझी वाक्यं तयार असायची, त्यांची उत्तरंही मीच द्यायचे, आणि प्रत्येक वेळी ते हरायचे.

मग प्राचार्यांनी जाहीर केलं की कॉलेजात पर्यावरणावर राष्ट्रीय परिषद घ्यायची आहे, प्रमुख पाहुणा मोठा हवा. मी हात वर केला आणि सरांचं नाव सुचवलं. म्हटलं, मी त्यांच्याकडे काम केलंय. प्राचार्य खूश झाले. निमंत्रणाचं पत्र मीच लिहिलं, अत्यंत आदराने. सरांचा होकार दोन दिवसांत आला. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, 'तुझी प्रगती पाहून आनंद झाला.'

परिषदेला दीड महिना होता. त्या दीड महिन्याबद्दल मला सांगायला हवं, आणि ते सांगायला मला आवडत नाही.

एका दुपारी तांडेलाचा फोन आला. कॉलेजच्या जिन्यात उभी राहून मी बोलले.

"ताई, इथे होड्या लई वाढल्या. पंचायतीत कागद दाखवला टुरिस्टच्या होडीवाल्यांनी. सरांचा रिपोर्ट हाय म्हणे, डॉल्फिनला काय होत नाय."

मी म्हटलं, "कागद पाहिला तुम्ही?"

"मला कुठे इंग्रजी येतं? पण काल एक पिल्लू लागलं किनाऱ्याला. तुटक्या परावाली हाय ना, तिचं. ती दोन दिस तिथेच फिरते."

तुटक्या परावाली मादी मला माहीत होती. माझ्या वहीत तिचं पान होतं.

"जाळ्यात अडकलं असेल," मी म्हटलं.

"असेल," तो म्हणाला. "अंगावर काय नव्हतं बघा. हाडकं दिसत होती."

एका पिल्लाच्या मरण्यावरून काही सिद्ध होत नाही. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि ते शास्त्र म्हणून खरंच आहे. पण त्या दुपारी मी घरी जाऊन पेपर छापणाऱ्या संपादकांना पत्र पाठवू शकले असते. पंधरा मिनिटांचं काम होतं. पत्र कधीचं लिहून ठेवलेलं होतं, पुरावा तयार होता. मी नाही पाठवलं. पाठवलं असतं तर सरांनी गुपचूप दोन ओळींचं शुद्धिपत्र काढलं असतं, स्वतःच चूक शोधल्यासारखं, आणि त्यांची वाहवा झाली असती. मला ते नको होतं. मला त्यांचा चेहरा बघायचा होता.

परिषदेच्या दिवशी मी आबांना आंघोळ घालून, आत्याकडे सोपवून, जांभळी साडी नेसून निघाले. आबा म्हणाले, "घाबरू नको."

सर गाडीतून उतरले. केस थोडे पांढरे झाले होते. मला पाहून थेट माझ्याकडे आले आणि माझा हात दोन्ही हातांत घेऊन विचारलं, "वडील कसे आहेत? बोलतात का आता?"

याची मी तयारी केली नव्हती. इतक्या महिन्यांत मी जे भांडण रचलं होतं त्यात सर आबांची चौकशी करत नसत. क्षणभर माझा सगळा राग जागच्या जागी डळमळला. मी म्हटलं, "बोलतात. थोडं." आणि लगेच माझ्या मनात आलं, हा माणूस असाच बोलतो. असंच बोलून त्याने माझं सगळं घेतलं.

सभागृह भरलं होतं. सरांची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी ती नीट करून दिली, एक शब्दही तिरका न बोलता. सरांनी पाऊण तास भाषण केलं. माझे आलेख पडद्यावर एकामागून एक आले. त्यांनी रंग बदलले होते. एके ठिकाणी ते म्हणाले, "हे मॉडेल तयार करताना मी किती तरी दुपारी होडीत घालवल्या." मी पहिल्या रांगेत बसून वहीत तारीख लिहिली. काहीतरी लिहायला हवं होतं म्हणून.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. एका प्राध्यापकांनी विचारलं, डॉल्फिन झोपतात का. हशा झाला. मग मी उठले.

"सर, पिल्लाला पाजणाऱ्या मादीचं अन्न काढताना तुम्ही गुणाकार केलाय. तिथे भागाकार हवा."

सर हसले. "ते तांत्रिक आहे, आपण चहाच्या वेळी बोलू."

"एकच ओळ आहे सर. दाखवू?"

पडद्याचा संगणक माझ्याच ताब्यात होता, आयोजक मीच होते. मी त्यांच्या पेपरासोबतची फाईल उघडली. जाहीर फाईल, कुणालाही उतरवता येईल अशी. ती ओळ मोठी केली. फळ्यावर खडूने एक साधं उदाहरण लिहिलं. भागून काय येतं, गुणून काय येतं. बीएस्सीची मुलं मान हलवू लागली. प्राचार्य खुर्चीत पुढे सरकले.

सर क्षणभर पडद्याकडे बघत राहिले. मग माईकजवळ येऊन शांतपणे म्हणाले, "उत्तम. हीच विज्ञानाची गंमत आहे. ही माझी विद्यार्थिनी आहे बरं का. तरुण सहकारी घाईत चुका करतात, आणि आपण वडीलधाऱ्यांनी त्या दुरुस्त करून घ्यायच्या."

टाळ्या पडल्या. त्यांनी माझी चूक घेतली, माझ्यावर टाकली आणि वर मोठेपणाही घेतला, एका वाक्यात. मी इतके महिने वाट पाहून जे आणलं होतं ते त्यांनी फुलासारखं स्वीकारलं.

"बरोबर आहे सर," मी म्हटलं. "चूक माझीच आहे. ती ओळ मी लिहिली. पण पेपरावर तर माझं नाव नाही. तिथे लिहिलंय की मी माहिती भरली."

"आठवणीत थोडी गफलत होतेय तुझी," सर म्हणाले. "प्रोग्रॅम आमच्या सगळ्या गटाने मिळून लिहिला."

"मग त्या ओळीवर एक टीप आहे, ती वाचता का सर? तुमच्याच गटाची आहे."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. वाचायचा प्रयत्न केला. "आ... आठे दूध... हा काहीतरी संक्षेप असावा."

मागच्या बाकांवरून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. धुळ्याच्या त्या सभागृहात ती ओळ न कळणारा बहुधा एकच माणूस होता आणि तो व्यासपीठावर उभा होता. मराठी विभागाच्या मॅडम उठून उभ्या राहिल्या आणि ठणठणीत आवाजात त्यांनी ती वाचली: "आठे दूधना हिसोब परत देखना शे. आबाना फोन उना."

आता सगळंच सभागृह हसलं. मुलं बाकं वाजवू लागली. सरांनी प्राचार्यांकडे वळून हळूच विचारलं, ते माईकमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं, "काय म्हणतायत?"

प्राचार्यांनी मान खाली घालून कार्यक्रमपत्रिका चाळली. ते स्वतः साक्रीचे, घरी अहिराणीच बोलणारे.

मी सरांना अर्थ सांगितला नाही. कुणीच सांगितला नाही. ते तिथे उभे राहिले, हातात माईक, कानांच्या पाळ्या लाल, आणि ओठांवर जे हसू होतं ते कुठे ठेवावं हे त्यांना कळेना. तो चेहरा मी बघितला. पोटभर बघितला. त्या वेळी मला जे वाटलं त्याला आनंदच म्हणतात, दुसरा शब्द मी शोधणार नाही.

जेवायला भरीत-पुरी होती. सर जेवले नाहीत. गाडी मागवून गेले.

त्याच संध्याकाळी मी संपादकांना पत्र पाठवलं. चूक काय, कुणाची, पुरावा काय. काही महिने पत्रव्यवहार चालला. पेपर मागे घेतला गेला. त्याची जी सूचना छापली, तिच्यात लिहिलं आहे की मूळ मॉडेल मी लिहिलं होतं आणि त्यातली चूकही मीच निदर्शनास आणली. माझ्या पोस्टडॉकच्या सगळ्या वर्षांतून माझ्या नावावर तेवढीच सूचना आहे. सर त्यांच्या जागेवर आहेत. ते ज्या समितीवर गेले होते, तिच्यावरून मात्र त्यांना काढलं. मला ते कळलं तेव्हा मी पेढे आणले, आबांना आणि आत्याला दिले.

पुढच्या सत्रात कॉलेजने मला तास दिले नाहीत. प्राचार्य म्हणाले, "तुमचं खरं होतं. पण पाहुणा आपला होता." मी आता घरीच शिकवण्या घेते, आणि मॉडेल पुन्हा उभं करते आहे, भागाकारासकट. एका दुसऱ्या किनाऱ्यावरच्या संशोधक बाईंनी विचारणा केली आहे. नाव आधी लेखी ठरवू, असं मी त्यांना पहिल्याच पत्रात कळवलं.

सरांचा एकदा फोन आला. "एवढं करायची काय गरज होती?" त्यांनी विचारलं. आवाजात माया नव्हती, पहिल्यांदाच. "मला एक फोन केला असतास तर नाव घातलं असतं."

"केला होता सर," मी म्हटलं आणि फोन बंद केला. मग दिवसभर मला आणखी चांगली उत्तरं सुचत राहिली. अजूनही सुचतात. माझा राग संपलेला नाही. लोकांना वाटतं, एकदा सूड घेतला की माणूस मोकळा होतो. मी तरी झाले नाही.

तांडेलाला मात्र मी स्वतःहून फोन केला. पेपरात चूक होती, तो मागे घेतला गेला, आता तुम्ही पंचायतीला सांगा, मी मराठीत कागद करून पाठवते, असं सांगितलं. तो खूश झाला. मग त्याने विचारलं, "तुम्हाला कधी कळली ती चूक?"

मी खोटं बोलू शकले असते. "बरेच दिवस झाले," मी म्हटलं. "तुमचा फोन आला त्याच्या आधीपासून माहीत होतं."

पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता. तो होडीवर असावा.

"मग तेव्हाच का नाय बोललात, ताई?"

मी कारण सांगितलं. सरांचं, नावाचं, चेहऱ्याचं. सांगताना ते मला पूर्वी वाटायचं तितकं मोठं वाटलं नाही, पण मी काही लपवलं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. रागावला नाही, निदान तसं बोलला नाही.

"कागद पाठवा," तो म्हणाला. "मराठीत. मोठ्या अक्षरात."

मी त्याच दिवशी पाठवला. पोचला म्हणून त्याचा निरोप आला नाही. या मोसमाच्या मोजणीसाठी मी त्याच्याच होडीतून जाऊ इच्छिते, असंही पत्रात शेवटी लिहिलं होतं. त्यावर त्याने अजून हो म्हटलेलं नाही.